पडद्याखालच्या गोल यंत्रांविषयी

चि. मुक्ता हिस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या सेस्ना १७२ या छोट्या विमानात गार्मिन कंपनीचे, उड्डाणाची माहिती दाखवणारे दोन मोठे पडदे असताना खाली तीन जुनी गोल यंत्रे कशाला, असे तू विचारले आहेस.

त्यातल्या ॲटिट्यूड इंडिकेटरमधला, म्हणजे विमान किती कलले आहे ते कृत्रिम क्षितिजरेषेवर दाखवणाऱ्या यंत्रातला, जायरो व्हॅक्यूम पंपाने ओढलेल्या हवेवर भोवऱ्यासारखा फिरतो. बेअरिंग झिजते, पंप बंद पडतो, आणि मग क्षितिज एकदम न पडता हळूहळू कलंडते, त्यामुळे ढगातल्या वैमानिकाला विमानच कलल्याचा भास होतो. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले आणि २१३ जण गेले. विमान उजवीकडे वळून सरळ झाल्यावरही कॅप्टनचे यंत्र उजवा कल दाखवत राहिले, आणि खाली काळोखा समुद्र असल्यामुळे ते पडताळायला खरे क्षितिज दिसत नव्हते, म्हणून कॅप्टन विमान डावीकडे कलवत राहिले.

तुझ्या पडद्यामागे फिरणारा जायरो नाही. सिलिकॉनवर कोरलेले सूक्ष्म वस्तुमान कंप पावत असते आणि विमान वळले की कोरिऑलिस बलाने (वळण्यामुळे हलत्या वस्तूला बाजूला ढकलणाऱ्या बलाने) किंचित बाजूला सरकते. त्या सरकण्यावरून वळण्याचा वेग मोजला जातो, आणि मोजणीत साचत जाणारी चूक प्रवेगमापक व चुंबकमापक यांच्या आधाराने सुधारली जाते. झीज नाहीच म्हण ना. पण पडद्यावरचे क्षितिज हे गणिताचे उत्तर आहे, आणि चुकलेले उत्तरही तितकेच सुबक दिसते. ७ ऑक्टोबर २००८ रोजी क्वांटासच्या एअरबस ए३३० मध्ये एका संगणकाने उंचीची माहिती अँगल ऑफ ॲटॅक (समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन) म्हणून पाठवली, विमानाने दोनदा अचानक नाक खाली घातले आणि शंभराहून अधिक जण जखमी झाले. माहिती मिळेनाशी झाली की पडद्यावर येणारी लाल फुली दिसली तर घाबरू नकोस, ती यंत्राची प्रामाणिक कबुली असते. मला धास्ती वाटते ती पटण्याजोग्या खोट्या आकड्याची.

म्हणून नजर पडद्यावरून खालच्या यंत्रांकडे फिरती ठेव. मात्र तुमच्या विमानाला पिटो ट्यूब (वेग मोजण्यासाठी समोरच्या हवेचा दाब घेणारी नळी) एकच आहे, आणि पडद्याचा संगणक व खालचा वेगदर्शक हे दोन्ही तिच्यातलाच दाब मोजतात. गांधीलमाशीने तिथे घर केले तर दोघेही एकमताने चुकतील. अशा वेळी इंजिनाची शक्ती आणि नाकाची स्थिती यांवरच उडावे लागते, तेव्हा सपाट उड्डाणात कोणत्या आरपीएमला किती वेग मिळतो, हे या आठवड्यातच वहीत नोंदवून ठेव.

तुझा,
बाबा