सर्व्हरच्या खोलीतला कूलर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बिल भरायला जा की रिपोर्ट घ्यायला, खिडकीतून 'सर्व्हर डाऊन है' हे उत्तर आपण ग्वाल्हेरकर निमूट ऐकून घेतो. मी सोळा वर्षं शहरातल्या छोट्या कचेऱ्या आणि दवाखान्यांतले सर्व्हर, म्हणजे सगळ्या नोंदी साठवणारे मुख्य संगणक, सांभाळते. उन्हाळ्या-पावसाळ्यात मला जे बिघाड दिसतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ सर्व्हर ठेवलेल्या खोलीत असतं.

जूनअखेर आपल्या लष्कर भागातल्या एका रुग्णालयातून फोन आला. तिथला एसी बंद पडला होता, दुरुस्तीला माणूस मिळेना, म्हणून कोणीतरी दारात डेझर्ट कूलर लावून दिला. हेतू चांगलाच होता. सहाव्या दिवशी मी पोहोचले तेव्हा खोलीत वाळ्याचा वास भरला होता आणि रॅकचा, म्हणजे सर्व्हर बसवलेल्या लोखंडी मांडणीचा, पत्रा हाताला ओलसर लागत होता. कडांवर खाऱ्या पाण्याची पांढरी पुटं. झाकण काढलं तर आतली धूळ भिजून पंख्याच्या पात्यांवर लेपासारखी बसली होती, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट झाक आली होती. माझ्याजवळच्या मीटरवर आर्द्रता 84 टक्के. दोन दिवस तपासण्यांचे रिपोर्ट हाताने लिहून द्यावे लागले. बाहेरच्या बाकावर एक आजी नातवाच्या रिपोर्टसाठी सकाळपासून बसून होत्या. मी सामान आवरून निघाले तेव्हाही त्या तिथेच होत्या.

कूलर हवा गार करतो ती पाणी हवेत मुरवून. मे महिन्यातल्या कोरड्या लूमध्ये, खिडकी उघडी ठेवून, घरात त्याच्यासारखं सुख नाही. बंद खोलीत मात्र ती वाफ कोंडून राहते. आणि पाऊस पडू लागला की बाहेरची हवाच इतकी दमट असते, की कूलर धड गारवाही देत नाही, नुसती ओल वाढवतो.

याच्या उलटही पाहते. एसी 16 वर लावून 'बघा, कसं थंडगार ठेवलंय' असं अभिमानाने सांगतात. सर्व्हरला 16 ची गरज नाही. त्याच्या तोंडाशी येणारी हवा 18 ते 27 अंश असावी, ही मर्यादा या क्षेत्रात 2008 पासून सर्वमान्य आहे. आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर जाऊ नये. श्रावणात फ्रिजमधला तांब्या बाहेर काढला की त्याला घाम फुटतो, तसाच अतिथंड खोलीचं दार उघडताच दमट हवेचा घाम आतल्या गार पत्र्यांवर धरतो. शिवाय खोली गार झाली की साध्या एसीचा कॉम्प्रेसर थांबतो, पंखा मात्र चालूच राहतो, आणि कॉइलवर, म्हणजे एसीच्या आतल्या गार नळ्यांवर, साचलेलं पाणी पुन्हा हवेत येतं. अंगाला गारवा लागला म्हणजे खोली ठीक आहे, हा भरवसा म्हणूनच धोक्याचा.

उन्हाळ्यात उलटी गत. हवा इतकी सुकते, की लोखंडी कपाटाला हात लावताच चट्कन झटका बसतो. सर्व्हरमधली मेमरीची पट्टी निकामी व्हायला एवढी स्थिर वीज पुरेशी असते. तेव्हा अर्थिंग नीट हवं आणि झाकण उघडण्याआधी मनगटाला अर्थिंगचा पट्टा हवाच.

सगळ्यांत जास्त जीव तुटतो तो लाईट गेल्यावर. यूपीएसवर, म्हणजे बॅटरीवरच्या विजेवर, सर्व्हर चालू राहतात, एसी बंद होतो. सर्व्हर जेवढी वीज खातो, जवळजवळ तेवढी सगळी उष्णता होऊन खोलीत पडते. गच्चीखालच्या, पश्चिमेकडच्या एका खोलीत 27 वरून 39 वर जायला 25 मिनिटं पुरली, हे मी स्वतः घड्याळ लावून पाहिलं आहे. त्याच खोलीत यूपीएसच्या बॅटऱ्याही होत्या. साध्या लेड-ॲसिड बॅटरीला 25 च्या वर कायम दहा अंश सोसावे लागले, तर तिचं आयुष्य निम्म्यावर येतं.

संस्थाचालकांना हात जोडून सांगणं आहे, यासाठी फार पैसा लागत नाही. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा छोटा मीटर घ्या. तो भिंतीवर किंवा एसीखाली नको, रॅकच्या पुढच्या बाजूला, सगळ्यांत वरच्या सर्व्हरच्या उंचीवर टांगा. मागून निघालेली गरम हवा वरून फिरून तिथेच आधी येते. सकाळ-दुपार-संध्याकाळ आकडे वहीत लिहायचं काम एका माणसाला नेमून द्या, आणि आकडा चढला तर फोन कोणाला करायचा ते त्याच वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. दोन एसी असतील तर आलटून-पालटून चालवा, निदान एक जनरेटरवर घ्या. जुन्या फायलींचे गठ्ठे आणि खोकी त्या खोलीतून हलवा.

आपल्याकडे आता पाऊस लागला आहे. ज्यांच्या सर्व्हरच्या खोलीत अजून कूलर चालू असेल, त्यांनी तो आजच बाहेर काढावा.

आपली,
एक संगणक तंत्रज्ञ
लष्कर, ग्वाल्हेर