आई-बाबा, घर घेतलंय, जंगलाजवळ

प्रिय आई, प्रिय बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर तीनदा सांगायचं ठरवलं होतं, तिन्ही वेळा आईने आधी जेवलीस का विचारलं आणि माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही, म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही चष्मा लावून मोठ्याने वाचा. आई, तू गॅस बंद करून ये.

मी ब्रुसेल्समध्ये फ्लॅट घेतलाय. म्हणजे करारावर सही झालीय, नोटरीकडची शेवटची सही फेब्रुवारीत आहे. दादाला माहीत होतं, पण त्याच्यावर चिडू नका, मीच त्याला शपथ घातली होती.

बाबा, मे महिन्यात ओटीवर बसून तुम्ही विचारलंत, "अजून दोनच वर्षं ना?" आणि मी हो म्हणाले. तेव्हा मी खोटं नव्हते बोलत, खरंच तसंच वाटत होतं. मग इथे आल्यावर नोकरी पर्मनंट झाली, भाडं आणि हप्ता जवळजवळ सारखाच येतोय हे लक्षात आलं, आणि हे घर विकलं तर पैसे परत येतीलच, भाडं दिलेलं तर परत येत नाही. हे सगळं हिशोबाचं झालं. हिशोब मी चार वेळा केला, दादाने दोनदा तपासला. पण नुसत्या हिशोबावर मी हो म्हटलं नसतं. आप्पांच्या वेळेला आपल्यापैकी कोणीच वेळेवर पोचलं नाही ते मी विसरलेले नाही, रात्री फोन वाजला की अजून माझे हात गार पडतात. तरीपण सही केली. का केली ते सांगायचा प्रयत्न करते.

काल रविवारी मी जंगलात गेले होते. घर ओडरगेम भागात आहे, पाच नंबरची मेट्रो जिथे संपते ते हेरमान-देब्रू स्टेशन. तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर रूज-क्लोत्र नावाचा जुना मठ, त्याच्या बाजूला तळी, आणि तळ्यांच्या मागे लगेच जंगल सुरू. शहराच्या अगदी कडेला. इथले फ्रेंच बोलणारे त्याला फोरे द स्वान्य म्हणतात, आम्ही ऑफिसात सोनियनच म्हणतो. साधारण 4400 हेक्टर आहे, आणि त्याचा जो भाग ब्रुसेल्सच्या हद्दीत येतो तेवढ्यानेच शहराचा दहावा हिस्सा व्यापलाय!

झाडं मुख्यतः बीचची. आपल्याकडे हे झाड नाही त्यामुळे कसं सांगू, खोड पेरूसारखं गुळगुळीत पण रंग राखेचा, आणि सरळ वर, वर, चाळीस मीटरपर्यंत. दोन माड एकावर एक उभे केले तर होईल एवढं. खाली फांद्याच नाहीत, सगळा पसारा वर, आणि पानांची सावली एवढी दाट की खाली झुडपं फार वाढत नाहीत, त्यामुळे लांबपर्यंत नुसते खांब दिसतात. इथे त्याला कॅथेड्रल म्हणतात, म्हणजे उंच खांबांचं मोठं चर्च. मला आपल्या मार्लेश्वरच्या वाटेवर ढग उतरतो ना तेव्हाचा गप्पपणा आठवला. आत्ता पानं तांब्याच्या घंगाळासारखी झालीत, जमिनीवर ढीग पडलाय, लवकर कुजत नाहीत म्हणे, आणि चालताना एवढा आवाज होतो की मागून कोणी येतंय असं वाटून मी दोनदा थांबले.

बाबा, आता तुमच्यासाठी. हे जंगल फार जुनं, ब्राबांत म्हणजे इथल्या जुन्या राज्याच्या सरदारांचं शिकारीचं रान होतं, आणि याची जमीन बर्फयुगानंतर फारशी नांगरलीच गेली नाही म्हणतात. पण हे उंच बीच मात्र मुद्दाम लावलेले आहेत, अठराव्या शतकाच्या शेवटी इथे ऑस्ट्रियाचं राज्य होतं तेव्हा योआखिम झिन्नर नावाच्या माणसाच्या देखरेखीखाली. म्हणजे आपल्याकडे सवाई माधवराव होते त्या काळातली लागवड! मग एकोणिसाव्या शतकात अर्ध्याहून जास्त जंगल विकलं गेलं, शेती झाली, घरं झाली, आणि जे उरलं ते वाचवायला 1909 मध्ये एका चित्रकाराने लोक जमवून संघटना काढली. 2017 मध्ये यातले काही राखीव तुकडे युनेस्कोच्या यादीत गेले, आपलं चांदोली 2012 मध्ये गेलं तसंच. तुम्हाला हे सगळं तिथे उभं राहून सांगायचं होतं, पण धीर नाही निघाला.

राखीव भागात पडलेलं झाडसुद्धा उचलत नाहीत. एक भला मोठा बीच आडवा पडलाय, त्याच्यावर अळंब्यांचे थर, भुंगे, शेवाळ, आणि पडल्यामुळे वर उजेडाचं भोक झालंय तिथे बोटभर रोपं उगवलीत. मी तिथेच बसले. आणि एकदम राईतली आपली वाट आठवली. तुम्ही मला खांद्यावर घेतलेलं आणि सांगितलेलं की इथली काटकीपण घरी न्यायची नाही, देवीची आहे. मी फ्रॉकच्या खिशात हरडा लपवून आणला होता, आणि आईने दिवेलागणीला मला परत पाठवलं होतं, अंधार पडत आलेला, तू कुंपणापाशी कंदील धरून उभी होतीस आई, मी रडत रडत हरडा ठेवून आले. काल खाली बीचची बी पडलेली होती, तीन धारांची, काटेरी टरफलातली. तुझ्यासाठी दोन उचलल्या. मग ठेवून दिल्या.

तिथेच बसून मला वाटलं की इथे राहू शकेन. आता यापेक्षा नीट मला सांगता येत नाही.

तुम्हाला वाईट वाटेल हे माहितीय. रडा थोडं, पण मग माझ्याशी बोला, गप्प राहू नका, रत्नागिरीहून आल्यावर बाबा जसे आठवडाभर गप्प होते तसे नको.

आता ऐका. एप्रिलच्या शेवटी बीचला पालवी फुटते, इतकी पोपटी की खालचा उजेडच हिरवा होतो. तेव्हा तुम्ही दोघं यायचं. व्हिसा नव्वद दिवसांचा मिळतो, कागद दादा करेल, दोघांना व्हीलचेअर सांगितलेली असेल म्हणजे विमानतळावर चालायला लागणार नाही. घर तिसऱ्या मजल्यावर आहे पण लिफ्ट आहे. संडास कमोडचाच आहे, आणि इथे पाण्याचा पाइप नसतो तो मी आधीच बसवून घेणार. पलंग उंच घेतेय, बाबांच्या गुडघ्यासाठी. ज्वारीचं पीठ मिळतं, तूरडाळ मिळते, आलं मिळतं, तुझा चहा होईल. कोकम मात्र तूच आण. देवघराला पूर्वेची भिंत सोडलीय, खिडकीच्या बाजूची. जंगलात फार लांब जायचं नाही, मठाच्या तळ्याभोवती सपाट वाट आहे, जाताना बाकं लागतात. ह्युगो वान देर गूस म्हणून मोठा चित्रकार शेवटची वर्षं त्या मठात राहिला, बाबांना आवडेल. फक्त वादळी वारा असेल त्या दिवशी आत जायचं नाही. इथे जमिनीखाली एक कडक थर आहे, बीचची मुळं खोल जातच नाहीत, 1990 च्या वादळांत इथले खूप बीच आडवे झाले. आणि अलीकडचे कोरडे उन्हाळेही त्यांना सोसत नाहीत, म्हणून पुढच्यासाठी ओक आणि बाकीची झाडं मिसळून लावतायत. पुढच्या शंभर वर्षांनी हा कॅथेड्रल असाच असेल असं नाही. म्हणून पण लवकर या.

तोपर्यंत बाबांनी बीपी रोज सकाळी वहीत लिहायचं आणि रविवारी मला फोटो पाठवायचा, अंदाजे आकडा चालणार नाही. न्हाणीघरात आधाराची दांडी या महिन्यात बसली पाहिजे, सुतार येत नाही हे कारण मी ऐकणार नाही. आई, तू विहिरीच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, पंप कशाला आहे? साखरेची गोळी जेवणाआधीची जेवणाआधीच. दिवाळीचा उरलेला चिवडा संपवायची जबाबदारी तुम्हा दोघांवर नाही, शेजारी द्या. हे सगळं ओरडून सांगतेय असं वाटत असेल तर तसं नाहीये गं, लांबून दुसरं काय करता येतं मला?

वर्षातून दोनदा येणार म्हणजे येणार, गणपती आणि मे महिना, तिकिटाचे पैसे हप्त्याच्या आधी बाजूला काढलेत. आणि कधीही, कुठल्याही वेळी गरज पडली तर दुसऱ्या दिवशी मी देवरुखात असेन. आपल्या घरातली माझी खोली तशीच ठेवा. माझी पुस्तकं बाबूला देऊ नका.

शनिवारी सकाळी तुमच्या दहा वाजता फोन करते. आई, त्या दिवशी जेवलीस का विचारू नकोस, जेवलेली असेन. बाबांना आधी फोन दे.

तुमची,
चिमी