बोसू बॉलवर बारबेल कशासाठी?

महोदय,

बोसू बॉलवर (एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं हवा भरलेल्या अर्ध्या चेंडूसारखं साधन) उभं राहून, खांद्यावर बारबेल (वजनाच्या तबकड्या लावलेला लांब दांडा) घेऊन बैठका मारणारी तरुण मुलं आता बहुतेक जिममध्ये दिसतात. यानं पायांची ताकद झपाट्यानं वाढते, हा समज चुकीचा आहे. पायाखालची जागा डळमळीत असली की स्नायू पूर्ण जोर लावूच शकत नाहीत, बराचसा जोर सांधे सावरण्यातच जातो. वजन कमी घ्यावं लागतं आणि ताकद वाढायला हवा तेवढा भार पायांवर येतच नाही. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलपटूंवरचा (म्हणजे सॉकर खेळणाऱ्यांवरचा) १० आठवड्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात घट्ट जमिनीवर व्यायाम करणाऱ्यांची उडी सुधारली, डळमळीत पृष्ठभागावर करणाऱ्यांची तशी सुधारली नाही. बारबेल जमिनीवरच बरी.

तोलाचा सराव मात्र जरूर करावा, विशेषतः घोटा पूर्वी मुरगळलेल्या खेळाडूंनी. नेदरलँड्समधल्या व्हॉलीबॉलपटूंमध्ये वॉबल बोर्डच्या (खाली गोलाकार उंचवटा असलेल्या, डुलणाऱ्या फळीच्या) सरावानं अशांचा घोटा पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण घटलं. मात्र ज्यांचं गुडघ्याचं जुनं दुखणं होतं, त्यांच्यात ते वाढलेलं आढळलं. म्हणून गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधी फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

निरोगी तरुणांना आठवड्यातून ३ दिवस, ११ ते १५ मिनिटं, असे ११-१२ आठवडे पुरतात. एका वेळी ४ प्रकार, प्रत्येकाचे २ सेट, प्रत्येक सेट २० ते ४० सेकंद. सुरुवात अनवाणी, भिंतीपासून हातभर अंतरावर, एका पायावर. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, तिन्ही टेकलेली हवीत. गुडघा किंचित वाकलेला आणि पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवावा. तो ताठ केला की मांडी फारसं काम करत नाही, आत झुकला की सांध्यावर ताण येतो. श्वास रोखू नये, हेही पुष्कळजण विसरतात.

भिंतीला हात न लावता ४० सेकंद जमले की पुढची पायरी घ्यावी, पण एका वेळी एकच गोष्ट बदलावी: एक तर डोळे मिटावेत, नाहीतर फोमच्या गादीवर उभं राहावं. दोन्ही एकदम केलं तर डोळ्यांचा आधार जातो, घोट्याकडून येणारी जाणीव मऊ गादीमुळे गोंधळते आणि सगळी भिस्त तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानावर येते. पहिल्याच आठवड्यात हे करणारे पडतात. वॉबल बोर्ड त्यानंतर. गुळगुळीत फरशीवर तो सटकतो, म्हणून खाली रबरी मॅट हवीच. पायांचा जड व्यायाम झाल्यावर थकलेल्या पायांनी हा सराव करू नये, वॉर्मअपनंतर लगेच करावा.

जिमचालकांना विनंती, की हे बोर्ड डंबेलच्या रॅकशेजारी ठेवू नयेत. भिंतीलगत, बाकीच्या तिन्ही बाजूंनी हात पसरता येईल अशी जागा त्यासाठी राखावी.

— एक फिजिओथेरपिस्ट, पुणे