मंद्या, बावीस इंचीच्या नादी लागू नकोस

दापोली

प्रिय मंद्या,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. बावीस इंची पट्टीची (जिच्यावरून चेन फिरते ती), ५८ सीसीची चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवरची साखळी-करवत, बघून ठेवलीस आणि वर "स्वस्तात मिळतेय" असंही लिहिलंस. पैसे दिले नसशील तर थांब जरा.

आधी सांग, तू कापणार काय? देवरुखच्या तुझ्या जागेत अकेशिया, जुना काजू, कलमांच्या वाळलेल्या फांद्या आणि बंबाचं वर्षाचं सरपण. यातलं बहुतेक लाकूड मांडीहून जाड नाही. त्याला सोळा इंची पट्टी नि ४०-४५ सीसीचं इंजिन पुष्कळ झालं. एखादं खोड जाड निघालंच तर दोन्ही बाजूंनी कापायचं. स्टिल (Stihl) कंपनीची एमएस २५० बघ: ४५.४ सीसी, पट्टी-चेन आणि पेट्रोल सोडून ४.६ किलो. सगळं भरून सहाच्या आसपास जाते. तुझी ती बावीस इंची सातच्या वर. दुकानात उभ्या उभ्या उचलशील तेव्हा काही वाटणार नाही, पण उतारावर वाकून तासभर तुकडे पाड, मग कंबर हिशेब मागते. निसर्ग वादळात, २०२० च्या जूनमध्ये, आमच्याकडे बागाच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा मोठ्या मशीनची गरज खरीच होती. तसं आलंच तर भाड्याने माणूस मशीनसकट बोलव.

बॅटरीवाली छाटणीला झकास, सरपणाला पुरत नाही. वायरवालीचं म्हणशील तर तुमच्याकडचं व्होल्टेज तूच जाणतोस.

दुकानात किंमत सगळ्यात शेवटी विचार. आधी विचार की चेन, स्प्रॉकेट, कार्बोरेटरचा डायफ्रॅम, स्टार्टरची दोरी इथेच मिळते का, आणि उघडून दुरुस्त कोण करतो. "मुंबईहून मागवू" म्हणाला की नमस्कार करून बाहेर पड. मग चेनब्रेक बघ. पुढच्या दांड्यासमोरची ढाल पुढे ढकलली की चेन तिथल्या तिथे अडली पाहिजे. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग चालू चेनसकट कशाला टेकला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येते, तुला हात काढायलाही सवड मिळत नाही. ब्रेक नीट नसेल तर फुकट दिली तरी घेऊ नकोस.

आता धार. मंद्या, खरं काम इथे आहे आणि याबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. चेनचे दात एक डावा, एक उजवा असे असतात. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एक अळी ओंडका आडवा-उभा सारखाच कुरतडताना पाहिली आणि तिच्या जबड्यांवरून हे दात बेतले. आपल्या आंब्याचं खोड पोखरणाऱ्या भिरुडाच्याच भावकीतली ती! एमएस २५० च्या चेनला ४.८ मिमीची गोल कानस लागते. तीस अंशांचा कोन धरायचा, कानस आतून बाहेर ढकलायची, परत ओढताना उचलायची. प्रत्येक दाताला सारखेच हात, नाहीतर काप एका बाजूला वळतो. धार आहे तोवर बुटांवर जाड ढलप्या पडतात. पिठासारखा भुसा पडायला लागला की जोर लावत बसू नकोस, मशीन बंद कर आणि कानस काढ. मातीला एकदा जरी चेन लागली तरी धार गेलीच समज, म्हणून कापायच्या ओंडक्याखाली आधी दुसरा ओंडका सरकव.

तेलाचं पुस्तिकेत दिलंय तेच पाळ. १:५० म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल. चेनला गाडीचं जळकं ऑइल घालणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. पट्टी खराब होते आणि सगळे शिंतोडे आपल्याच अंगावर.

लुंगीवर, चपला घालून मशीन चालवणारे तुझ्या गावातही असतील. तू मात्र चॅप्स (पायांवर चढवायचं जाड संरक्षक कापड), बूट, चष्मा आणि कानाला मफ याचे पैसे बाजूला ठेवूनच मशीनचं बजेट ठरव. आणि फणस, आंबा, ऐन, किंजळ, खैर असलं काही मुळापासून पाडायचं असेल तर १९६४ च्या झाडतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी काढ. आपल्याच जागेतलं आहे हे तिथे चालत नाही.

दिवाळीनंतर येतो. माझी मशीन आणि कानस घेऊन येईन, दिवसभर तुझ्या अकेशियावर हात चालवून बघ, मग दुकानात दोघं जाऊ. वहिनींना सांग, मी जेवायला आहे.

तुझा,
सुध्या