पेला धरणारे माणूसही चित्रात हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर वर्षी १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाला वृत्तपत्रांतून वृद्धांची जी छायाचित्रे छापली जातात, त्यांच्या तऱ्हा दोनच : हास्यक्लबात खळखळून हसणारे आजी-आजोबा, नाही तर काठीच्या मुठीवर टेकलेले सुरकुतलेले हात. म्हातारपणी ज्याच्या आधारावर दिवस निघतो, ते माणूस मात्र दोन्हींत चौकटीबाहेर राहते.

या संदर्भात फ्रान्सिस्को गोया या स्पॅनिश चित्रकाराच्या, सध्या अमेरिकेत मिनिआपोलिसच्या कलासंग्रहालयात असलेल्या, १८२० सालच्या चित्राकडे लक्ष वेधावेसे वाटते. ऐकू येणे तर त्याचे १७९२-९३च्या आजारातच बंद झाले होते. पुढे १८१९च्या अखेरीस, त्र्याहत्तराव्या वर्षी, तो जिवावरच्या दुखण्यातून वाचला आणि बरा झाल्यावर त्याने स्वतःला रंगवले ते अंथरुणात, अर्धवट शुद्धीत, मान मागे कलंडलेली आणि बोटांनी पांघरूण गच्च धरलेले अशा अवस्थेत. त्याला मागून सावरून डॉक्टर अरिएता औषधाचा पेला त्याच्या ओठांशी नेत आहेत. खाली डॉक्टरांच्या कौशल्याबद्दल आणि शुश्रूषेबद्दल कृतज्ञतेचा मजकूर आहे. नवस फेडण्यासाठी चर्चमध्ये वाहिल्या जाणाऱ्या चित्रांची ही धाटणी. फक्त संताच्या जागी येथे डॉक्टर आहेत. मागच्या अंधारातल्या चेहऱ्यांचे अर्थ अभ्यासकांनी नाना परींनी लावले आहेत, पण माझी नजर त्या पेल्यावरून हलत नाही.

वार्धक्य गोंडस करून दाखवणे हा गोयाचा स्वभाव नव्हे. त्याच काळात त्याने माद्रिदजवळच्या आपल्या घराच्या भिंतीवर सूप पिणारी दोन म्हातारी माणसे रंगवली. त्यांतल्या एकाचा चेहरा म्हणजे जवळजवळ कवटीच आहे. असा निष्ठुर नजरेचा, राजदरबारी मानाने वावरलेला चित्रकार स्वतःचे परावलंबन कोणताही संकोच न बाळगता, पण दयेची याचनाही न करता मांडतो, याचे कारण मला असे दिसते की, त्याला आपली दुर्बलता जितकी सांगायची आहे तितकेच आपल्यावरचे ऋणही.

आपल्या आगामी पुरवणीत औषधाच्या वेळा सांभाळणारी सून, वडिलांना न्हाऊ घालणारा मुलगा, रात्रपाळीला येणाऱ्या मावशी यांची छायाचित्रे, अर्थात संबंधितांच्या संमतीने आणि शक्य तेथे नावानिशी, छापावीत, ही विनंती.

कळावे,
एक नियमित वाचक, सातारा