आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या मास्तरांना

मास्तर, स. न. वि. वि.

मराठीत लिहितेय. तुम्हाला यातलं अक्षर लागणार नाही, पण इंग्रजीत आभार मानून झाले आणि ते फारच गुळगुळीत वाटले. तुमच्या गावात तुम्हाला अजून ‘मास्टर’च म्हणतात, म्हणजे निदान मायना तरी कळेल.

सासूबाई एकोणऐंशीच्या. जन्म बोस्टनचा, सगळं आयुष्य तिथंच. आजीचं आयर्लंडमधलं गाव एकदा बघायचं, एवढाच हट्ट. त्यापायी तीन वर्षं आम्ही दारं ठोठावली. जिथं विचारावं तिथं ठरलेलं उत्तर: १९२२ च्या आगीत सगळं जळालं. आग खरीच. यादवी युद्धात डब्लिनचा दप्तरखाना जळाला. पण आजीच्या लहानपणची, १८९१ ची खानेसुमारी त्या आगीत नव्हतीच. ती त्याआधीच, पहिल्या महायुद्धात, कागदाच्या टंचाईपायी सरकारनंच लगद्यात घातली होती. हे आम्हाला शोधून काढावं लागलं. ज्यांचं हे कामच, त्यांना सांगावंसं वाटलं नाही. १९०१ ची आहे, पण तिच्यात आजीच्या नावाच्या मुली ढिगानं. एका वंशावळवाल्यांनी तर भरपूर पैसे घेऊन सिंहाचं कुलचिन्ह पाठवलं. फ्रेमसकट!

आणि तुम्ही! शाळा बंद पडली तेव्हा कुणी मागितलं नाही म्हणून जुनं रजिस्टर घरी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेलं. सासूबाईंना आजीच्या वाडीचं नाव फक्त कानानं माहीत, स्पेलिंग कुणालाच येत नव्हतं. तुम्ही ते दोनदा म्हणायला लावलंत आणि पानं उलटत बोट एका ओळीवर ठेवलंत. वय नऊ. वाडी तीच. बापाचा धंदा: गुराखी. म्हणजे दुसऱ्याची गुरं राखणारा. सासूबाई इतक्या हसल्या! सिंहाची फ्रेम आता माळ्यावर आहे.

पण पत्र त्या ओळीसाठी नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेपाशी आलो तर धुराड्यातून धूर येत होता. आत ना बाक ना फळा, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, आणि तुम्ही सकाळीच येऊन चूल पेटवून ठेवलेली. फाटकाशी उभे होतात. सासूबाईंच्या हातात टर्फचं एक ढेकूळ ठेवलंत. दलदलीतून विटेसारखी कापून वाळवलेली, सरपणासारखी जळणारी काळी माती ती. वजनाला आपल्या गोवरीसारखी हलकी. ‘शाळेत रिकाम्या हातानं यायचं नाही,’ एवढंच म्हणालात. पूर्वी हिवाळ्यात प्रत्येक पोरानं रोज एक आणायचं, त्यावरच वर्ग ऊब धरायचा. मग त्यांना मुलींच्या दारानं आत नेलंत. मुलग्यांचं दार जवळ होतं, तरी वळसा घालून.

मला माझी आई आठवली. शनिवारी शाळा सारवायला पाटीभर शेण घेऊन जायची. शाळा कुठलीही असो, गरिबाच्या पोराला काहीतरी उचलून न्यावंच लागतं.

सासूबाईंनी ढेकूळ चुलीत ठेवलं आणि काठीवर भार देऊन किती तरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. तुम्ही काही समजावून सांगितलं नाहीत, फोटो काढू का विचारलं नाहीत. टोपी हातात घेऊन दाराशी थांबलात. पाहुण्याला एकटं कधी सोडायचं, हे ज्याला कळतं त्याच्या घरी मी कधीही जेवायला बसेन. पैशाचं पाकीट तुम्ही परत केलंत, तेव्हा आमच्या ह्यांचे कान लाल झाले होते.

रात्री हॉटेलात पानावर बसताना सासूबाईंची बोटं अजून काळीच. मी म्हटलं, हात धुऊन घ्या.

म्हणाल्या, ‘थांब जरा.’ आणि डाव्या हातानं जेवल्या.

तुमची,
बोस्टनची सून