कॉम्प्रेसर: आधी टाकी बघा, रिंगा नंतर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. नमस्कार.

पंक्चरच्या दुकानातला हवेचा कॉम्प्रेसर टाकी भरायला वेळ लावतो, मोटार तापते आणि टाकीच्या बुडाशी ओल दिसते, असं बाबा फोनवर म्हणाले. मिस्त्री पिस्टनच्या रिंगा बदलून ओलीच्या जागी वेल्डिंगचा टाका मारायला तयार आहे. बाबा, रिंगांचं पुढे बघू. वेल्डिंग मात्र करू देऊ नका, आणि ती ओल कशाची हे कळेपर्यंत मशीन बंदच ठेवा. दोन दिवस गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

दाबलेल्या हवेतलं पाणी टाकीच्या बुडाशी साचतं आणि पत्रा आतून खातं. वरून रंग चांगला दिसतो. एका ठिकाणी भोक पडलं म्हणजे आजूबाजूचा पत्राही झिजलेलाच असतो, त्यावर टाका मारून काय धरणार? १० किलो दाबाची (म्हणजे चौरस सेंटीमीटरला १० किलो) टाकी फाटली की हवा एका झटक्यात दसपट पसरते आणि पत्रा उडतो. तुम्ही दिवसभर तिच्या शेजारी पाटावर बसून ट्यूब घासता, म्हणून इतकं सांगते.

मेन स्विच काढून हवा पूर्ण सोडा. गेज शून्यावर आलं तरी भरवसा ठेवू नका. ड्रेन कॉक, म्हणजे बुडाचा पाणी सोडायचा नळ, उघडून आवाज थांबेपर्यंत थांबा, मगच कॉक काढा. तांबूस पाणी निघालं तर तेवढ्याने घाबरायचं नाही. गंजाचे पापुद्रे पडले तर मात्र टाकी संपत आली. बारक्या हातोडीने बुडाशी आणि पायांच्या जोडाजवळ हलकेच ठोका. चांगला पत्रा टणटणीत वाजतो, खाल्लेला बद्द. कधी ओल नुसती कॉकच्या आट्यांतून झिरपते. तसं असेल तर नवा कॉक आणि टेफ्लॉन टेपवर काम भागतं.

तरीही एकदा पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्याच. यवतमाळला किंवा नागपूरला जिथे होत असेल तिथे टाकी सुटी करून न्या. ती पाण्याने काठोकाठ भरून, आतली हवा काढून, हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे १० किलोच्या टाकीला १५ किलो दाब देतात. अर्धा तास काटा हलायला नको, जोड पाझरायला नको. पाणी हवेसारखं दबत नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी नुसती गळते. जाडी मोजायचं अल्ट्रासोनिक यंत्र तिथे असेल तर बुडाचा आणि वरचा पत्रा ताडून बघायला सांगा.

टाकी नापास झाली तर ती दुरुस्त करायची नाही. भंगारात देण्याआधी तिला ड्रिलने मोठं भोक पाडा, नाहीतर कुणीतरी रंग मारून पुन्हा विकेल. हेड (टाकीवरचा हवा दाबणारा पंप) आणि मोटार धडधाकट असतील तर कंपनीची प्लेट आणि चाचणीचा दाखला असलेली नुसती टाकीही मिळते. गावात पत्रा वळवून केलेली घेऊ नका.

टाकी पास झाली, तर बाकी सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. आई, यात तुझी मदत लागेल. टाकी रिकामी करून मशीन चालू करायला सांग आणि १० किलोला किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून वहीत लिही. १६० लिटरची टाकी १० किलोपर्यंत भरायला साधारण १६०० लिटर हवा लागते. प्लेटवर मिनिटाला २२५ लिटर लिहिलं असेल तर कागदावर सात मिनिटं होतात, प्रत्यक्षात दहा-अकरा धरावीत. वीस लागली तर मात्र दोष शोधावा लागेल.

हेड उघडण्याआधी हवेचा फिल्टर बघा. जिनिंगच्या हंगामात कापसाचं तूस त्यात गच्च बसतं. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला की १०-१२ मिलिमीटर दबावा. सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावा. मोटार थांबल्यावर प्रेशर स्विचखालून (दाब पुरा झाला की मोटार बंद करतो तो) क्षणभर फुस्स होणं ठीक. हवा येतच राहिली तर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतली हवा मागे येऊ न देणारा, गेलाय. तो स्वस्त आहे, पण गळका असला की मोटारीला दाबाविरुद्ध सुटावं लागतं, ती नुसती हुंकारते आणि लोक ती रिवाइंडिंगला (आतली तार नव्याने गुंडाळायला) पाठवतात. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा मीटर लावून बघा. सुरू होताना २०० व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी वायर आणि कपॅसिटर तपासा.

चालू मशीनच्या फिल्टरपाशी हात धरल्यावर हवा उलट हाताला लागली, तर इनलेट व्हॉल्व्हची पट्टी बसत नाही. बहुतेक कार्बन साचला असेल. इंजिनचं तेल घातलं की हे हमखास होतं. आपल्याकडच्या ४५ डिग्रीत कॉम्प्रेसरचं व्हीजी १०० (हा तेलाच्या दाटपणाचा आकडा) तेलच घाला. रिंगा झिजल्याची खूण वेगळी: ब्रीदरमधून (तेलाच्या पेटीच्या हवा जायच्या तोंडातून) धूर आणि तेलाचे शिंतोडे येतात, ड्रेनचं पाणी दुधाळ निघतं. व्हॉल्व्ह, गॅस्केट, रिंगा एवढ्यावर भागत असेल तर खुशाल दुरुस्त करा. बोअर, पिस्टन, क्रँकचं बेअरिंग आणि वर रिवाइंडिंग असं सगळं निघालं आणि खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला, तर नवीन घ्या.

नवीन घेताना दोन सिलिंडर दिसले म्हणून टू-स्टेज, म्हणजे हवा दोन टप्प्यांत दाबणारं, समजू नका. एक मोठा आणि एक लहान असेल तरच टू-स्टेज. १० किलोचं मशीन १० ला थांबतं आणि दाब ८ किलोवर उतरला की पुन्हा सुरू होतं. ८ किलो म्हणजे चौरस इंचाला ११४ पौंड, त्यावर ट्रकचं १२० पौंडाचं टायर कसं भरणार? ट्रॅक्टर आणि मोटारसायकलीच येत असतील तर १० किलोचं पुरतं, कापसाचे ट्रक धरायचे असतील तर १२ किलोचं टू-स्टेज बघा. पट्ट्याशिवाय थेट मोटारीवर फिरणारी ५० लिटरची छोटी मशीनं स्वस्त पडतात, पण ती दिवसभराच्या कामाची नाहीत.

आई, टाकीवरच्या आणि मोटारीवरच्या प्लेटचे फोटो पाठव, आकडे वाचता येतील असे. दसऱ्याआधी निर्णय झाला तर कापसाच्या गाड्या सुरू होईपर्यंत मशीन जागेवर बसेल.

तुमची लेक